गेममध्ये रमायला होत नाही? आधी क्रम सुधारा

नवा गेमिंग पीसी किंवा प्लेस्टेशन घरी आलं की पंधरवड्याभरात एक तक्रार ठरलेली: "चित्र झकास दिसतंय, पण रमायला काही होत नाही." मग यूट्यूबवर सेटिंगचे व्हिडिओ बघितले जातात, सगळं 'अल्ट्रा'वर जातं आणि शेवटी मोठं ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. बहुतेक घरांत कार्डाचा काही दोष नसतो. मन गेममधून बाहेर खेचणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात: ओठ हलून गेल्यावर येणारा आवाज, गर्दीच्या रस्त्यावर बसणारे झटके, कोपऱ्यात नाचणारा वेगाचा आकडा, व्हॉट्सॲपची टिंग आणि मृग लागला की केव्हाही जाणारा करंट.

चूक होते ती क्रमात. लोक चित्रापासून सुरुवात करतात आणि वीज, घर, आवाज यांच्यापर्यंत कधी पोचतच नाहीत. खालचा क्रम बाहेरून आत जातो. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा धरू नका.

हे सगळं एकट्याने खेळायच्या, गोष्ट असलेल्या मोठ्या गेमसाठी आहे: विचर ३, रेड डेड रिडेम्प्शन २, घोस्ट ऑफ त्सुशिमा या जातीच्या. मोबाइलवरच्या बीजीएमआयसारख्या खेळांत जिंकायचं असतं. तिथे यातलं निम्मं लागू पडत नाही.

## १. आदल्या दिवशीची तयारी

गेम घेतला त्याच संध्याकाळी खेळायला बसायचं नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ पीसीवर १५० जीबी जागा मागतो. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर १०० जीबी उतरायला पूर्ण वेग मिळाला तरी साडेपाच तास लागतात, आणि संध्याकाळी पूर्ण वेग क्वचितच मिळतो. रात्री डाउनलोड लावून झोपा. खानापूरच्या पश्चिमेकडच्या ज्या गावांत मोबाइल डेटावरच भागवावं लागतं, तिथल्यांनी लॅपटॉप बेळगावात एखाद्या मित्राकडे न्यावा आणि गेम भरून आणावा. थोड्या थोड्या डेटावर आठवडाभर उतरवत बसण्यात अर्धा उत्साह तिथेच संपतो.

त्यानंतरची कामं याच क्रमाने करा.

पहिलं, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. दुसरं, गेमचे सगळे पॅच. तिसरं, गेम एकदा चालू करून मेनूपर्यंत जाणं. बऱ्याच नव्या गेममध्ये पहिल्यांदा 'शेडर तयार होत आहेत' अशी पट्टी दिसते. प्रकाश, धूर, पाणी यांच्यासाठीचे छोटे प्रोग्राम तुमच्या कार्डाच्या मापाने तेव्हा बनत असतात. कंटाळून ती पट्टी टाळली, तर तेच काम खेळता खेळता होतं आणि पहिला स्फोट, पहिला पाऊस, पहिली आग दिसली की पडदा क्षणभर अडकतो. ड्रायव्हर नंतर बदलला तर हे सगळं पुन्हा होतं, म्हणून ड्रायव्हर आधी.

गेम एसएसडीवरच ठेवा. जुन्या हार्ड डिस्कवर घोडा दौडत असताना समोरची झाडं उशिरा उगवतात. त्याला कुठलंही सेटिंग औषध नाही.

सावधान: रमायचं असेल तर गेम पहिल्या दिवशी घेऊ नका. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती, की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. २०२१ च्या जूनमध्ये तो परत आला. आज तोच गेम पॅच लागून चांगला चालतो. थांबणाऱ्याला तो स्वस्तही मिळाला.

तपासा: गेम बंद करून पुन्हा चालू करा. दुसऱ्यांदा त्याने काहीच डाउनलोड मागितलं नाही तर पुढे चला.

## २. करंट

आपल्याकडे हा टप्पा टाळणाऱ्याने जून ते सप्टेंबर रमायची आशा सोडावी. सह्याद्रीच्या कडेचा पाऊस, तारांवर पडणाऱ्या फांद्या आणि हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीची दुरुस्ती यांपैकी एकही गोष्ट आपल्या हातात नाही. करंट जाणं एक वेळ परवडतं. 'आता जाईल का' ही धाकधूक मात्र खेळत असतानाही डोक्यात चालू राहते, आणि तंद्री खरी तिथे मोडते.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांची गल्लत होते. बाजारातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच भार पेलतो. मोठं कार्ड असलेला पीसी गेम चालू असताना त्याच्या वर सहज जातो. मग करंट गेल्यावर यूपीएस बीप करतो आणि स्वतःच बंद पडतो. लोक म्हणतात यूपीएस खराब निघाला. असा पीसी असेल तर १००० व्हीए किंवा त्याच्या वरचा बघा आणि डब्यावर वॅटचा आकडा वाचा. यूपीएसकडून तासभर खेळायची अपेक्षा ठेवू नका. सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळाला की त्याचं काम झालं.

घरात इन्व्हर्टर असेल तर बऱ्याच इन्व्हर्टरवर एक छोटं बटण असतं: एक स्थिती यूपीएसची, दुसरी साधी. साध्या स्थितीत करंट जाऊन बॅटरी लागेपर्यंत जो क्षण जातो त्यात पंखा आणि ट्यूबलाइट काही बोलत नाहीत, पण पीसी रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर ठेवा आणि भाराचं गणित इथेही करा; फ्रिज, मिक्सर आणि गेमिंग पीसी एकाच इन्व्हर्टरवर चालवायचे नसतात. राउटरलाही बॅकअप द्या. काही गेम नेट तुटलं की एकट्याने खेळत असतानाही थेट मेनूत फेकतात.

गेम सेव्ह कधी होतो हे पहिल्या तासातच समजून घ्या. एल्डन रिंग सतत आपोआप सेव्ह करत राहतो. जीटीए ५ मिशन संपल्यावर करतो. जुन्या धाटणीचे गेम ठरावीक जागी पोचल्यावरच करतात. ज्याला हे माहीत आहे तो ढग गडगडले तरी शांत असतो.

सावधान: कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, किंवा स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत असेल, तर अर्थिंगवर संशय घ्या. जुन्या गल्ल्यांतल्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमागे कधी कधी दोनच तारा असतात. यात स्वतः हात घालू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. तोवर पीसी लावू नका.

तपासा: गेम सेव्ह करा, कुठलंही न महत्त्वाचं ठिकाण उघडं ठेवा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. पीसी, मॉनिटर, राउटर तिन्ही चालू राहिले तर हा टप्पा झाला. ही चाचणी लढाईच्या मधे निसर्गावर सोपवू नका.

## ३. घर आणि वेळ

घरच्यांना चुकवून खेळणाऱ्याचा एक कान कायम दाराकडे असतो. त्यापेक्षा सरळ सांगून वेळ मागा: "आई, साडेनऊ ते अकरा मी खेळतोय, काही काम असेल तर आत्ता सांग." नळाला पाणी यायची वेळ, सिलेंडरवाल्याची वेळ, दुकान बंद करून बाबा घरी यायची वेळ यांच्यात बसेल असाच तुकडा निवडा. दीड तास बिनघोर मिळाला तर तो सुट्टीच्या दिवशीच्या तुटक पाच तासांपेक्षा मोलाचा.

मग यंत्रांचं तोंड बंद करा. फोन दुसऱ्या खोलीत, डू नॉट डिस्टर्बवर. घरच्या दोन-तीन नंबरांना मुभा ठेवा, म्हणजे मनात टोचणी राहत नाही. पीसीवर विंडोजच्या सूचना बंद, स्टीममध्ये मित्र ऑनलाइन आल्याच्या सूचना बंद, डिस्कॉर्डचं ओव्हरले बंद. प्लेस्टेशनवर ट्रॉफी मिळाल्याची पाटी आणि तिचा आवाज सेटिंगमधल्या नोटिफिकेशनमधून घालवता येतो. हे बहुतेक जण करत नाहीत. पात्र मरत असतं, संगीत उतरत असतं आणि वर कोपऱ्यात 'अभिनंदन, चांदीची ट्रॉफी' अशी पाटी येते. इतका वाईट विनोद गेम बनवणाऱ्यांनाही सुचला नसता.

अनंत चतुर्दशीला काही लावू नका. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि ढोल-ताशा व डॉल्बीच्या पुढे कुठला हेडफोन टिकत नाही. त्या दिवशी खाली उतरा.

## ४. आवाज

सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात फळ देणारा टप्पा. चित्र थोडं कमी असलं तर डोळा दहा मिनिटांत जुळवून घेतो. आवाज खोटा असेल तर कान जुळवून घेत नाही. जंगलात मागून फांदी मोडल्याचा आवाज खरोखर मागून आला तर तुम्ही खुर्चीत वळता. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

४.१ आधी साधन ठरवा. टीव्हीचे स्पीकर बहुधा मागच्या किंवा खालच्या बाजूला तोंड करून असतात. संवाद त्यात गढूळ होतात. कानावर पूर्ण बसणारा, बंद पाठीचा, तारेचा साधा हेडफोन त्याच पैशातल्या छोट्या स्पीकरपेक्षा बरा. वडगाव, खासबागेत शेजारी यंत्रमाग चालत असतील, टिळकवाडीत रेल्वे फाटकाजवळ घर असेल किंवा पावसाळ्यात डोक्यावर पत्रा असेल, तर बंद पाठीच्या हेडफोनला पर्याय नाही.

४.२ ब्लूटूथ नको. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त मागे पडतो. सिनेमा बघताना ॲप चित्र तेवढंच थांबवून हा फरक लपवतं. गेमला तसं करता येत नाही, कारण बटण तुम्ही आत्ता दाबलेलं असतं. तलवार लागते आणि खण्ण मागून येतं. बिनतारीच हवा असेल तर २.४ गिगाहर्ट्‌झचा छोटा डोंगल असलेला घ्या.

४.३ गेमला खरं सांगा. ऑडिओ सेटिंगमध्ये हेडफोन, स्टिरिओ, टीव्ही, होम थिएटर असे पर्याय असतात. तुमच्याकडे जे आहे तेच निवडा. घरात दोनच स्पीकर आणि निवड मात्र ५.१ (सहा स्पीकरांची मांडणी) असली, तर संवाद ज्या मधल्या स्पीकरकडे पाठवले जातात तो अस्तित्वातच नसतो. बोलणं पुटपुटल्यासारखं येतं, संगीत मात्र दणदणीत. "या गेमचं मिक्सिंग वाईट आहे" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं हेच निघतं.

४.४ सराउंड एकदाच. गेमचा स्वतःचा हेडफोन मोड, विंडोजचा स्पेशियल साउंड आणि हेडफोनच्या कंपनीचं सॉफ्टवेअर, हे तिन्ही एकाच वेळी चालू असले की आवाज विहिरीतून आल्यासारखा लागतो. गेमचा मोड असेल तर तो ठेवा, बाकीचे दोन बंद करा.

४.५ रात्रीचा आवाज. घर झोपलेलं असताना स्पीकरवर खेळायचं तर 'नाइट मोड' किंवा डायनॅमिक रेंज कमी करणारा पर्याय निवडा. कुजबुज वर येते, स्फोट खाली येतो. नाहीतर संवादाला रिमोट वर, गोळीबाराला रिमोट खाली, यातच रात्र जाते. हेडफोनवर असाल तर उलट करा: रेंज पूर्ण ठेवा.

संगीताची पातळी संवादापेक्षा थोडी कमी ठेवावी असं माझं मत. पाऊल, वारा, दार हे आवाज मात्र पूर्ण ठेवा.

हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस (२०१७) हा गेम या टप्प्याची परीक्षा म्हणून वापरता येतो. त्यात नायिकेच्या डोक्यातले आवाज दोन कानांच्या जागी मायक्रोफोन ठेवून ध्वनिमुद्रित केले आहेत. हेडफोन नीट लावलेला असेल तर कुणीतरी मानेमागे कुजबुजतं. तसं झालं नाही तर ४.३ आणि ४.४ पुन्हा करा.

तपासा: डोळे मिटा आणि पात्राला जागच्या जागी गोल फिरवा. शेकोटीचा किंवा धबधब्याचा आवाज एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सलग सरकला पाहिजे. उड्या मारत असेल तर सेटिंग चुकलंय.

## ५. झटके आधी, शोभा नंतर

आता चित्र. इथे एकच निकष धरा: सारखेपणा. ६० एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक चित्र, ३० म्हणजे दर ३३.३ ला एक. डोळा दोन्हींना सरावतो. ६० वरून ४१, तिथून ५५, मग ३८ असं घसरत राहिलं तर तो कधीच सरावत नाही. म्हणून सरासरी ७० मिळतेय या आनंदात राहू नका. सगळ्यात वाईट जागी किती मिळतात ते बघा आणि त्या आकड्यावर मर्यादा घाला. खाली ६३ येत असतील तर ६० वर बांधा. ४३ येत असतील आणि पडदा १२० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र दाखवणारा असेल तर ४० वर बांधा. १२० ला ४० ने भाग जातो, प्रत्येक चित्र बरोबर तीन वेळा दाखवलं जातं. पडदा साधा ६० हर्ट्‌झचा असेल तर अशा वेळी ३०. मॉनिटर फ्रीसिंक किंवा जी-सिंकचा असेल तर थोड्या चढउताराला तो सांभाळून घेतो, तरी मर्यादा घालाच.

कुठलं सेटिंग आधी उतरवायचं? रे ट्रेसिंग, मग ढग-धुकं, मग सावल्या, मग प्रतिबिंब. टेक्सचर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, कार्डाच्या मेमरीत बसतील तेवढे वर ठेवा. मेमरी पुरत असेल तर त्यांचा वेगावर फारसा बोजा नसतो, आणि भिंतीचा दगड दगडासारखा दिसणं रमायला लागतंच. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ वर राहू द्या. एवढ्यानेही भागलं नाही तर डीएलएसएस किंवा एफएसआर (चित्र लहान बनवून मग मोठं करणारी सोय) 'क्वालिटी'वर लावा.

नेहमीची चूक: हे सगळं गेमच्या पहिल्या गुहेत बसून जुळवणं. गुहेत काहीच नसतं, तिथे सगळ्यांचा पीसी पळतो. विचर ३ मध्ये नोव्हिग्राडच्या बाजारात, रेड डेड २ मध्ये सेंट डेनिसच्या रस्त्यावर जाऊन जुळवा. तिथवर पोचला नसाल तर सापडेल त्या सर्वांत गजबजलेल्या गावात जा आणि पाच मिनिटं फिरा.

एप्रिल-मेमध्ये लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं. पहिली वीस मिनिटं छान चालून नंतर झटके सुरू होत असतील, तर सेटिंगशी त्याचा संबंध नाही. लॅपटॉप तापून स्वतःचा वेग उतरवतोय. मागची बाजू उंच करा, जाळी साफ करा, गादीवर ठेवून खेळू नका.

आणि मग सगळ्यात अवघड काम: एफपीएसचा आकडा बंद करा. जुळवताना तो हवाच, जुळवून झाल्यावर नको. आकडा कोपऱ्यात असेपर्यंत तुम्ही गेम खेळत नसता, पीसीची परीक्षा घेत असता. ५९ दिसल्यावर अस्वस्थ होणारी माणसं मी बघितली आहेत. आकडा झाकला की त्यांना ५९ आणि ६० मधला फरक सांगता येत नाही.

## ६. पडदा, उजेड, बसायची जागा

टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड लावा. तो नसेल तर बटण दाबल्यापासून पात्र हलेपर्यंतचा वेळ जाणवण्याइतका वाढतो. हालचाल गुळगुळीत करणारा जो पर्याय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते तो बंद करा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन शोधा. स्वस्त टीव्हीवरचं एचडीआर बहुधा चित्र धुरकट करतं. बंद करून बघा आणि जे डोळ्याला बरं वाटेल ते ठेवा. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० वरच सोडलेला, हेही फार घरांत दिसतं.

पडदा खिडकीला काटकोनात ठेवा. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर अंधाऱ्या दृश्यात तुमचाच चेहरा दिसतो. खोलीत पूर्ण काळोख नको. पडद्यामागे एक मंद दिवा पुरे.

ब्राइटनेसचं चिन्ह 'जेमतेम दिसेल' असं जुळवायला गेम सांगतो. ते दुपारी जुळवून रात्री खेळू नका. ज्या वेळी खेळणार, त्याच उजेडात जुळवा.

फील्ड ऑफ व्ह्यू म्हणजे पडद्यात किती रुंद जग दिसतं ते. टेबलापाशी मॉनिटरच्या जवळ बसून पात्राच्या डोळ्यांतून खेळायचा गेम असेल तर ९० च्या आसपास, सोफ्यावरून टीव्हीवर असेल तर ७० च्या आसपास सुरुवात करा. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक ॲबरेशन बंद. हे कॅमेऱ्याचे आणि फिल्मचे दोष आहेत, आणि तुम्ही तर पात्राच्या डोळ्यांनी बघताय.

सावधान: मळमळ, कपाळावर घाम, डोकं जड होणं सुरू झालं तर लगेच थांबा. "सवय होईल" म्हणून रेटू नका. पुढच्या वेळी डोक्याचं हलणं आणि कॅमेऱ्याची थरथर बंद करा, फील्ड ऑफ व्ह्यू थोडं वाढवा, मधोमध एक स्थिर ठिपका ठेवायचा पर्याय असेल तर तो लावा.

## ७. हात

बटण शोधायला नजर खाली गेली की संपलं. म्हणून गोष्ट पुढे नेण्याआधी एखाद्या सुरक्षित जागी पंधरा-वीस मिनिटं नुसते हात बसवा: पळा, उडी मारा, शस्त्र बदला, घोड्यावर चढा-उतरा. कॅमेऱ्याचा वेग असा ठेवा की एका झटक्यात मागे बघता येईल, पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर थांबताही येईल. स्टिक सोडल्यावर पात्र आपोआप सरकत असेल तर डेडझोन (स्टिक किती हलेपर्यंत गेमने दखल घ्यायची नाही ती मर्यादा) थोडा वाढवा.

हातात प्लेस्टेशनचा कंट्रोलर आणि पडद्यावर 'एक्स दाबा' म्हणून एक्सबॉक्सचं चिन्ह, हा घोळ पीसीवर हमखास होतो. दोन्हींवर एक्स आहे, पण जागा वेगळी. सेटिंगमध्ये चिन्हं बदलता येत असतील तर पहिल्याच दिवशी बदला.

## ८. पडद्यावरची गर्दी

छोटा नकाशा, रक्ताची पट्टी, माराचे उडणारे आकडे, पिवळे बाण. कुणीतरी सांगतं "सगळं बंद कर, मग बघ मजा". लोक पहिल्याच दिवशी तसं करतात आणि तासाभरात वैतागून गेम सोडतात.

पहिले दोन-तीन तास सगळं राहू द्या. मग एका बैठकीत एकच गोष्ट काढा, या क्रमाने: माराचे आकडे, बटणांच्या सूचना, शत्रूंच्या डोक्यावरच्या पट्ट्या, छोटा नकाशा, आणि सर्वांत शेवटी ठिकाणाचा बाण.

शेवटच्या दोघांना हात लावण्याआधी एक प्रश्न विचारा: हा गेम बाणाशिवाय खेळता यावा म्हणून लिहिलेला आहे का? मॉरोविंड (२००२) मध्ये बाण नव्हताच. माणसं तोंडी रस्ता सांगायची, अमुक पुलावरून डावीकडे, मग टेकडीच्या कडेने. येळ्ळूरच्या वाटेवर कुणाला राजहंसगड विचारला तर जसं सांगतील अगदी तसं. घोस्ट ऑफ त्सुशिमा (२०२०) मध्ये वारा वाट दाखवतो. ॲसॅसिन्स क्रीड ओडिसी (२०१८) मध्ये एक्सप्लोरेशन मोड निवडला की पात्रं ठिकाणाच्या खुणा बोलून देतात. अशा गेममध्ये बाण बेलाशक काढा. विचर ३ मध्ये मात्र अनेक कामं बाण आहे असं धरूनच रचली आहेत. तिथे नकाशा लपवला तर दर मिनिटाला मोठा नकाशा उघडावा लागतो, आणि लपवून मिळवलं त्याच्या दुप्पट गमावता.

रेड डेड २ मध्ये मधला रस्ता आहे: पूर्ण नकाशाऐवजी नुसता कंपास. मला तोच सगळ्यात पटतो. काही गेमनी तर प्रश्नच मिटवला आहे. डेड स्पेस (२००८) मध्ये जीव किती उरला ते नायकाच्या पोशाखावर, पाठीच्या कण्यावर उजळतं, वेगळी पट्टी नाही.

तपासा: एक गोष्ट काढून अर्धा तास खेळा. मेनू किंवा मोठा नकाशा पूर्वीपेक्षा जास्त वेळा उघडावा लागला तर ती गोष्ट परत आणा.

## ९. भाषा आणि सबटायटल

मोठ्या गेममध्ये मराठी जवळजवळ कुठेच नाही, आणि आपल्याकडची मराठी माध्यमातली किंवा कानडी शाळेतली पोरं इंग्रजी संवाद अर्धे समजून, अर्धे सोडून खेळतात. गोष्टच कळत नसेल तर रमणार कशात? सबटायटल लावण्यात कमीपणा नाही. अक्षर मोठं करा, मागे काळी पट्टी घ्या, बोलणाऱ्याचं नाव दाखवायचा पर्याय चालू करा. अवघड स्कॉटिश किंवा अमेरिकन दक्षिणी उच्चार असतील तर इंग्रजी चांगलं येणाऱ्यालाही याचा फायदा होतो.

गोष्ट जिथे घडते तिथल्या भाषेचा आवाज, म्हणजे त्सुशिमाला जपानी किंवा मेट्रो एक्सोडसला रशियन, फार जणांना आवडतो. पण मग डोळे सतत खालच्या ओळीवर राहतात आणि चेहरा निसटतो. लढता लढता पात्रं बोलतात तेव्हा तर ओळ वाचायला वेळच नसतो. वाचनाचा वेग चांगला असेल तरच तो मार्ग धरा. पहिल्या फेरीत समजेल ती भाषा, दुसऱ्या फेरीत हवी ती.

## १०. बसल्यावर

यंत्राचं सगळं झालं. आता खेळणाऱ्याच्या सवयी. तंद्री मोडणारी पहिली सवय म्हणजे अडलं की लगेच यूट्यूब. दुसऱ्याला खेळताना बघितलं की तुमचा नायक तुमचा राहत नाही, आणि बाजूच्या यादीत शेवट फोडणारे मथळे असतात ते वेगळेच. आधी गेममधली डायरी वाचा. मग आजूबाजूला पुन्हा बघा. तरी सुटलं नाही तर खेळून झालेल्या मित्राला फोन करून नुसता इशारा मागा, उत्तर नको.

अडचणीची पातळी खाली आणायला लाजू नका. एकाच राक्षसाकडून तासभर मार खाल्ल्यावर त्याची भीती उरत नाही, नुसता वैताग उरतो. उलट कधीच मरत नसाल तर पातळी एक पायरी चढवा.

नकाशावरची प्रत्येक खूण संपवायच्या मागे लागू नका. विचर ३ मध्ये स्केलिगेच्या समुद्रात प्रश्नचिन्हांची रांग आहे. ती पुसत होडी हाकताना भल्याभल्यांचा उत्साह आटला आहे. मुलगी संकटात आहे आणि बाप सरायत पत्ते कुटत बसलाय, हा विरोधाभास तर त्या गेमलाही सोडवता आलेला नाही. त्यावर माझा उपाय असा: गोष्ट घाईची असेल तेव्हा मुख्य काम करा, गोष्टीने उसंत दिली, कुणी "आठवड्याने ये" म्हटलं, की बाजूची कामं. गावात शिरल्यावर पळू नका, चाला. फास्ट ट्रॅव्हल पहिल्यांदा जाताना नको, परतताना चालेल.

थांबताना लढाईच्या तोंडावर थांबू नका. सरायत, शेकोटीपाशी, घराच्या दारात सेव्ह करा. मधे परीक्षा, लग्नसराई किंवा शेतीची कामं येऊन तीन आठवडे गेले, तर परत आल्यावर थेट मिशनला भिडायचं नाही. आधी डायरीतली शेवटची दोन पानं वाचा, मग सामान उघडून काय काय जवळ आहे ते बघा, मग गावाबाहेर दोन-चार किरकोळ शत्रूंवर हात साफ करा. हात आठवले नाहीत, बटणं अजून चुकत असली, तर जुन्या सेव्हला धक्का न लावता नवा गेम उघडून सुरुवातीचं शिकवणीचं प्रकरण एकदा खेळून या. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. मात्र नवा गेम वेगळ्या स्लॉटमध्येच सेव्ह होतोय ना, हे आधी बघा. एकच स्लॉट असणाऱ्या गेममध्ये जुनी सेव्ह पुसली जाते.